बरीच वर्षं उभी असलेली जुनी डिझेल मर्सिडीज परत कशी चालू करायची

पार्ल्याला मामांच्या सोसायटीत त्यांची 250 डी, म्हणजे डब्ल्यू 124 बॉडीची, अडीच वर्षं एकाच जागी उभी होती. वर गुलमोहर, खाली पावसाळ्यात घोटाभर पाणी, मामांचे गुडघे गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता आणि भंगारवाला दर महिन्याला विचारून जायचा. मामा म्हणाले, "बघ रे, चालू होते का." अशा वेळी सगळे काय करतात, तर शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर लावतात आणि सेल्फ मारत बसतात. ते अजिबात करू नका, कारण अशी इंजिनं उभी राहून फारशी मरत नाहीत, घाईने चालू करताना मरतात.

ही गाडी युरोपात 1984 च्या शेवटी आली आणि आपल्याकडे 1995 पासून पुण्यात बनायला लागली, त्यामुळे मुंबईत अजून बऱ्याच सापडतात. मी लिहितोय ते ओएम 602 इंजिनाबद्दल, पाच सिलिंडर, 2497 सीसी. तुमच्या इंजिन नंबरचे पहिले तीन आकडे 605 असतील तर ते पुढचं 20 व्हॉल्व्हचं इंजिन, तिथे काही गोष्टींची जागा आणि जोडणी वेगळी असेल, पण क्रम हाच ठेवा.

आधी एक समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. या इंजिनात स्पार्क प्लग नाही. हवा 22 पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल स्वतःहून पेटतं. डिझेल द्यायचं काम बॉशचा इन-लाइन पंप करतो, तो टायमिंग चेनवर, म्हणजे इंजिनाच्या आतल्या साखळीवर, फिरतो. म्हणजे चालू होत नसेल तर कारणं तीनच, दाब नाही, उष्णता नाही, किंवा स्वच्छ डिझेल पोचत नाही. स्कॅनर लावून काही कळणार नाही, हातानेच शोधायचं.

बोनेट उघडलं की पहिल्यांदा उंदीर बघा. बोनेटखालचं इन्सुलेशन कुरतडलेलं असेल तर एअर फिल्टरचा डबा उघडाच, आमच्याकडे आत गुलमोहराच्या शेंगा आणि कापूस भरलेला होता, सेल्फ मारला असता तर तो सगळा इनटेककडे ओढला गेला असता. वायपरच्या खालच्या खोबणीतला पालापाचोळा पण काढा, तिथले ड्रेन बुजले की पाणी केबिनमध्ये उतरतं. मग डिपस्टिक. ऑइल काळं असेल तर घाबरू नका, या प्रीचेंबर इंजिनात (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं असं इंजिन) नवीन ऑइलसुद्धा दोन दिवसांत काळं होतं, पण दुधाळ असेल किंवा लेव्हल मार्कच्या वर गेली असेल तर पाणी किंवा डिझेल मिसळलंय, तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

आता सगळ्यात महत्त्वाची स्टेप, जी लोक टाळतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या बोल्टला 27 चा सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवा, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने, पूर्ण दोन फेऱ्या, हळूहळू. दाब जाणवेल, मग सुटेल, परत जाणवेल, ते बरोबर आहे. कुठे एकदम अडकलं तर जोर लावू नका. हिशोब सांगतो. एक सिलिंडर साधारण 499 सीसीचा, 22:1 दाबाला वर उरणारी जागा जेमतेम 24 सीसी, म्हणजे चहाचे पाच चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पेट्रोल गाडीत ही जागा यापेक्षा बरीच मोठी असते, म्हणून हिंदमाताला किंवा मिलन सबवेला पाण्यात घातलेली डिझेल गाडी जास्त महागात पडते. अडकलंच तर हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आत उष्णता देणारे प्लग) काढा, पाणी तिथून बाहेर येईल. आमचं अडकलं नाही, पहिली फेरी जड गेली आणि दुसरीला मोकळं झालं, तेव्हा मला खरं हायसं वाटलं.

मग ऑइल आणि फिल्टर बदला, 15डब्ल्यू-40 डिझेल ग्रेड, सुमारे 7 लिटर लागतं. ऑइल फिल्टर वरूनच निघतो, झाकणाचे दोन नट काढायचे की झालं, ज्याने हे डिझाइन केलं त्याने काम करणाऱ्या माणसाचा विचार केलाय.

डिझेलचं काम मात्र वेळ खातं. टाकी अर्धी रिकामी, मुंबईची दमट हवा, रात्री गारवा, आत पाणी सुटतं आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं, त्या दोघांच्या सीमेवर काळा चिकट शेवाळासारखा थर वाढतो. जुनं डिझेल पूर्ण काढा, वास आंबट आला तर एक थेंबही ठेवू नका. फिल्टर दोन आहेत, एक छोटा पारदर्शक प्लास्टिकचा आणि एक मोठा, दोन्ही बदला, आणि मोठा लावण्याआधी स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरा, कारण बऱ्याच गाड्यांवर एअर काढायला हातपंप नसतो, रिकामा फिल्टर लावला की बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो. नोझलवरचे (नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) बारीक कापडी रिटर्न पाइप हातात चुरगळतात, मीटरने विकत मिळतात, सगळे बदला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसकडे विचारलं की मिळतात, फक्त जुना तुकडा बरोबर न्या.

एक गोष्ट इथेच सांगतो. एप्रिल 2020 पासून मिळणाऱ्या बीएस 6 डिझेलमध्ये सल्फर 10 पीपीएम असतो, आधी 50 होता. सल्फर काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, त्यासाठी कंपन्या ॲडिटिव्ह घालतात, आणि या पंपाचा खालचा कॅमचा भाग इंजिन ऑइलवरच चालतो, त्यामुळे पंपाची फार चिंता नको. त्रास जुन्या रबराला होतो, वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगलेले ओ-रिंग आकसतात आणि हवा आत घेतात. पारदर्शक पाइपमधून बुडबुडे जाताना दिसले तर दोष तिथेच आहे, सकाळी चालू व्हायला वेळ लागणं हे बहुतेक वेळा त्याचंच.

हीटर प्लग. चावी फिरवल्यावर पिवळा कॉइलचा दिवा लागलाच नाही तर एखादा प्लग, रिले किंवा रिलेमधली 80 अँपिअरची पट्टी गेलेली असते. वायर काढून मल्टिमीटरने प्रत्येक प्लग मोजा, थंड असताना साधारण एक ओहम किंवा कमी यायला पाहिजे, अनंत दाखवला तर प्लग मेला. आपल्याकडे एवढी उष्णता असते की दोन प्लग मेलेले असले तरी गाडी चालू होते, थोडी थरथरते, धूर सोडते आणि माणूस म्हणतो जुनी आहे ना, चालायचंच. नाही चालायचं. पाचही बदला, शक्यतो इंजिन कोमट झाल्यावर, थंड इंजिनात जोर दिला तर प्लग हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातच, तुटतो आणि मग हेड काढायची वेळ येते.

आता नवीन बॅटरी. एकाने पंपावरचा स्टॉप लिहिलेला लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने दहा-दहा सेकंद सेल्फ द्यायचा, मध्ये मिनिटभर थांबायचं. यात डिझेल तुटतं, इंजिन पेटत नाही पण ऑइल सगळीकडे चढतं. मीटरमधला ऑइल प्रेशरचा काटा हलायला लागला की लिव्हर सोडा, हीटरचा दिवा विझू द्या आणि मग खरा सेल्फ मारा. चालू झाल्यावर काटा 3 वर जाऊन टेकला पाहिजे, गरम झाल्यावर आयडलला खाली येतो, ते ठीक आहे. रेस देऊ नका.

पहिले काही मिनिटं पांढरा धूर येईल, न जळलेलं डिझेल असतं. तो थांबत नसेल आणि एक सिलिंडर मिसिंग वाटत असेल तर नोझलच्या पाइपचा नट एकेक करून जरासा सैल करून बघतात, ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर दोषी. नट कापडाखाली धरून, चष्मा लावून करा, नोझल 115 बारच्या आसपास उघडते आणि तो फवारा कातडीत घुसतो, बोट कधीच समोर नेऊ नका. खात्री नसेल तर हे डिझेल पंप-नोझलवाल्या उस्तादाकडूनच करून घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त.

चावी काढली आणि इंजिन चालूच राहिलं तर पॅनिक होऊ नका, स्टॉप लिव्हर दाबा. बंद करायची यंत्रणा व्हॅक्यूमवर चालते, बहुतेक वेळा एखादा रबर जॉइंट फाटलेला असतो. पण त्याच व्हॅक्यूम पंपाकडून टकटक असा आवाज येत असेल तर गाडी चालवू नका, त्याचं बेअरिंग फुटलं की गोळ्या टायमिंग चेनमध्ये पडतात आणि सगळं इंजिन जातं. ब्रेक बूस्टर पण त्याच पंपावर आहे.

रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक ऑइल बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष असतं, नक्षी कितीही चांगली दिसली तरी दहा वर्षांचे टायर काढून टाका. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते पाणी त्याला आतून खातं.

आरसी 15 वर्षांनी संपलेली असेल तर आरटीओत फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढते, ते आधी करा. पीयूसीला थंड गाडी नेऊ नका, अर्धा तास हायवेला चालवून गरमच न्या, धुराचं रीडिंग तिथेच बरंच खाली येतं.

आमची दुसऱ्या सेल्फला लागली, मामा खिडकीत उभे राहून आवाज ऐकत होते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर तो छोटा पारदर्शक फिल्टर परत बघा, आमचा काळा झाला होता, टाकीतला उरलेला गाळ त्यात आला होता, म्हणून त्या महिन्यात तो तीनदा बदलला आणि चौथा अजून स्वच्छ आहे.