बेपत्ता माणसाचा माग जुन्या हिशेबांतून कसा काढावा

वीस-तीस वर्षांपूर्वी घरातून गेलेल्या माणसाचा शोध आपण बहुधा गावकऱ्यांच्या आठवणींपासून सुरू करतो; माझ्या मते तो घरातल्या लोखंडी पेटीपासून सुरू करावा. पोस्टाचे पासबुक, सेवा सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, १९७२ पासूनच्या सरकारी एकाधिकार खरेदीत (कापूस फक्त सरकारलाच विकायचा, या योजनेत) घातलेल्या कापसाच्या चुकाऱ्याचे कागद, विम्याची पॉलिसी, जे हाती लागेल ते तारखेप्रमाणे लावून माणूस गेला त्या दिवसापाशी एक खूण करावी आणि खुणेनंतरची प्रत्येक नोंद बारकाईने वाचावी.

मनिऑर्डरचे कुपन सापडल्यास ते उजेडात धरावे. पोस्टमनने पैसे देताना फाडून दिलेल्या त्या कपट्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, आणि शाई उडाली असली तरी गोल शिक्क्यातले टपाल कार्यालयाचे नाव पुष्कळदा वाचता येते. भाऊ सुरतेला गेला असे सारे गाव सांगत असताना शिक्का बल्लारपूरचा निघाला, तर शोध तिकडेच वळवावा.

त्यानंतर पटवाऱ्याकडून (तलाठ्याला आपल्याकडे विदर्भात अजून पटवारीच म्हणतात) सात-बारावरील जुन्या फेरफारांच्या नकला घ्याव्यात. हक्कसोड किंवा वाटणीने बेपत्ता माणसाचे नाव कमी झाले असेल आणि मूळ कागदावर खुणेनंतरच्या तारखेची त्याची सही असेल, तर एक तर तो तेव्हा जिवंत होता किंवा त्याच्या नावाने दुसऱ्याने सही केली. आपल्याच घरातले कोणी त्यात निघेल या भीतीने अनेक जण येथे थांबतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. नक्कल घ्यावीच आणि ती पोलिसांकडे लेखी अर्जासह द्यावी.

दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बचत खात्यातील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. अशी खाती २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोधता येतात. सोबत लागणारी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून घ्यावी. जिल्हा मध्यवर्ती बँकेसाठी मात्र थेट शाखेत अर्ज करावा. खात्याचा तपशील बँक सहसा पोलीस तपासात किंवा न्यायालयाच्या आदेशानेच देते, आणि तिच्या वहीतील नोंदीची प्रमाणित नक्कल १८९१ च्या कायद्यानुसार पुरावा म्हणून चालते.

सात वर्षे ठावठिकाणा नसलेली व्यक्ती जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ नुसार तसे म्हणणाऱ्यावर येतो. मृत्यूची तारीख मात्र या कलमाने ठरत नाही. ती वारसाहक्काच्या दाव्यात वेगळी सिद्ध करावी लागते, आणि त्याने स्वतः सही करून पैसे काढल्याची पासबुकातली शेवटची नोंद तेथे दाखवता येते.