बेस्टमधनं रिटायर झालेल्या आपल्या माणसाच्या आठवणी कशा उतरवून घ्यायच्या

साताऱ्याकडच्या कुठल्याही गावात पारावर जाऊन विचारा, मुंबईला गिरणीत, माथाडीत नाहीतर बेस्टमधे, म्हणजे मुंबईच्या बससेवेत, नोकरी केलेला एक तरी म्हातारा सापडतोच. आमच्या घरात आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते. गाव कोरेगाव तालुक्यात. १९७६ ला बेस्टमधे कंडक्टर म्हणून लागले, २०११ ला रिटायर झाले, पस्तीस वर्षं, उभी हयात उभं राहूनच गेली म्हणा ना. त्यातलं माझ्याकडं लिहून झालंय ते सगळं मिळून चाळीसेक पानं, आणि त्या चाळीस पानांच्या आधी मी सहा महिने नुसते फुकट घालवले. तुमचे तरी जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

मी काय केलं होतं, तर मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला, रेकॉर्डिंग चालू केलं नि म्हणालो, "आण्णा, नोकरीतल्या आठवणी सांगा." आण्णा म्हणाले, "काय सांगायचं? गेलं की बरं." संपलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तर "तुला दुसरं काम न्हाई का रं?" हे सगळ्यांचंच होतं, कारण "आठवणी सांगा" म्हटलं की माणसाला वाटतं आता भाषण करायचंय, आणि पस्तीस वर्षं "पुढं चला, पुढं सरका, सुट्टे द्या" एवढंच बोललेल्या माणसाला भाषण कुठनं यायचं.

मग एक दिवस बघितलं, आण्णा खाटेवर बसलेत, हातात अडकित्ता, पाणी पाहिजे होतं आणि थोरली आई, म्हणजे त्यांची बायको, आत. त्यांनी हाक मारलीच नाही. अडकित्ता खाटेच्या पायावर आपटला, ठक ठक, ठक ठक. आतनं थोरली आई म्हणाली, "आले, आले, उतरू नका." मला काही कळंना. मग तिनं सांगितलं की मुंबईत कंडक्टर तिकिटाचा पंच असाच दांड्यावर वाजवायचे, तिकीट राहिलंय का कुणाचं म्हणून, आणि ह्यांची ती सवय रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी गेलेली नाही. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकत होतो नि मला वाटायचं म्हातारपणाचा चाळा.

तर पहिलं काम हे, माणसाच्या हातात काहीतरी द्या. पंच काही आमच्या घरी नव्हता, पण जुना पितळी बिल्ला होता, एक तिकिटांची अर्धवट गड्डी होती, आणि अडकित्ता होताच. बिल्ला हातात दिल्यावर आण्णांनी तो आधी अंगठ्यानं पुसला. मग म्हणाले, समुद्राच्या वाऱ्यानं हा असा हिरवा पडायचा, ही दर रविवारी चिंचंनं घासायची. पहिली आठवण ही अशी आली, प्रश्न न विचारता. तुमचा माणूस ड्रायव्हर असेल तर हातात काही द्यायची गरज पण पडत नाही, त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवा नि कोरेगाववरनं साताऱ्याला आणा, पोवई नाक्यापर्यंत पोचेपर्यंत तो तुमच्या क्लचवर दहा वेळा बोललेला असेल, त्यातच सगळं येतं.

दुसरं काम, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, "काय आठवतं" असं कधी विचारू नका, रूट विचारा. नंबर विचारा. "कुठल्या नंबरवर होता?" आण्णा बरीच वर्षं १२३ वर होते, आर. सी. चर्च ते ताडदेव, मरीन ड्राइव्हवरनं जाणारी डबलडेकर. मी वहीत वर आर. सी. चर्च लिहिलं, खाली ताडदेव लिहिलं, मधे पान कोरं ठेवलं नि म्हणालो, "मधले स्टॉप सांगा, मला माहीत नाहीत." झालं. माणूस सुटला. कुलाबा, रीगल, चर्चगेट, मरीन ड्राइव्ह, चौपाटी, आणि प्रत्येक स्टॉपला एक माणूस चढतोय. एका स्टॉपला रोज सकाळी डब्यांची पिशवी घेऊन एक बाई, दुसऱ्या स्टॉपवर पास दाखवताना बोटानं फोटो झाकणारा कॉलेजचा पोरगा. (पास भावाचा होता. आण्णांना माहीत होतं. "परीक्षा व्हईस्तोवर गप बसलो," म्हणाले.) एक स्टॉप विसरले तर घाई करू नका, पुढचा विचारा, येताना आठवतो. आण्णांना तर परतीच्या दिशेनं सांगताना जास्त आठवलं, का ते मला विचारू नका.

आता प्रश्न कसे विचारायचे ते सांगतो, कारण एकाच शब्दानं फरक पडतो. "डबलडेकरमधे कसं असायचं?" ह्याला उत्तर "गर्दी असायची". पण "तुम्ही वर असायचा का खाली?" असं विचारलं नि आण्णा पाठ ताठ करून बसले. डबलडेकरला दोन कंडक्टर, एक वर एक खाली, ड्रायव्हर पुढं वेगळ्या केबिनीत, म्हणजे तिघंही एकमेकांना दिसत नाहीत, सगळा कारभार घंटीवर. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आण्णांना वरचा मजला आवडायचा, पावसाळ्यात भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हला लाटेचं पाणी वरच्या खिडकीतनं आत यायचं नि पुढच्या सीटवरची पोरं ओरडायची. पण वर-खाली करून पायाच्या शिरा गेल्या, त्या अजून आहेत, निळ्या गाठी आल्यात. पायांबद्दल जरूर विचारा. कंडक्टरच्या पायात अख्खी नोकरी असते.

विचारायसारखं अजून बरंच आहे. फर्स्ट शिफ्टला उठायचे किती वाजता, डेपोत पोचायचे कसे, स्प्लिट ड्युटीत, म्हणजे दोन तुकड्यांतल्या ड्युटीत, मधले तास कुठं काढायचे, गाड्या वेळेवर सोडणाऱ्या स्टार्टरशी कुणाचं पटायचं, हिशोब शॉर्ट आला तर काय, टीसी चढला की पॅसेंजरचे चेहरे कसे व्हायचे, जेवायचा डबा कुठला, गावकीच्या खोलीतली खानावळ का घरचा. गाडीच्या कपाळावरच्या पाटीचं विचारा, पुढं नंबर मराठी आकड्यात असायचा. आमच्या आजीला इंग्लिश आकडे येत नव्हते, ती मुंबईला गेली की समोरनं येणारी गाडी बरोबर वाचायची, बाजूनं आली की कुणालातरी विचारायची.

तारखांचं मात्र सांभाळा. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, आणि सांगितलं तर बहुतेकदा चुकतं, पण म्हणून ते खोटं नसतं. आण्णा एकदा म्हणाले, "मी ट्राममधनं गेलोय." मी मोबाईल काढला, मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झालेली, आण्णा नोकरीला लागले ७६ ला. तोंडावर आलं होतं, "आण्णा, शक्यच नाही." नशीब, नाही बोललो. विचारलं, "तेव्हा शाळेत होता का?" तर म्हणाले, "चौथीत. बाबा गिरणीत व्हते, उन्हाळ्यात घिऊन गेलते." बरोबर बसलं की! त्यांचा जन्म ५३ चा. एक उलट प्रश्न विचारला असता नि ती सगळी सुट्टी, गिरणीच्या चाळीतली खोली, आजोबांच्या खांद्यावरनं बघितलेला समुद्र, सगळं मिटलं असतं. चूक काढू नका, वय विचारा.

साल पक्कं करायला आपल्याकडच्या खुणा वापरा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, त्याच्या आधी का नंतर? ७२ चा दुष्काळ पडला तेव्हा कुठं होता? गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, तेव्हा लग्न झालं होतं का? संपाचं विचारलं तेव्हा कळलं की त्या काळात गावातल्या सात-आठ घरांना आण्णांच्या पगारातनं काही ना काही जायचं, घरात ही गोष्ट कुणी कधी बोललंच नव्हतं. मुंबईच्या खुणा पण ठेवा. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो, सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस. आण्णा तेव्हा कुर्ल्याकडच्या गाडीवर, गाडी पाण्यात बंद पडली, त्यांनी तिकिटाची नि पैशाची पिशवी प्लॅस्टिकमधे गुंडाळून वरच्या दांड्याला बांधली नि रात्रभर तिच्याखाली सीटवर उभे. "पोहता येतं का" विचारलं तर म्हणाले, "आपल्या हिरीत येतं."

मधनं मधनं तुम्हीपण त्यांना काहीतरी द्या, नुसतं घेऊ नका. मी वाचून गेलो की मुंबईतली पहिली बस १५ जुलै १९२६ ला कुलाब्याचं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, आणि बेस्टच्या नावातला टी आधी ट्रामवेजचा होता, नंतर ट्रान्सपोर्टचा झाला, कंपनी महापालिकेकडं आली ती ७ ऑगस्ट १९४७ ला. आण्णा तेवढ्यात अफगाण चर्चवर अडकले. "म्हंजे आमच्याच रस्त्यावनं?" आणि मग दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. जॉनी वॉकर आधी बेस्टमधे कंडक्टर होता हे मात्र मी सांगायला गेलो तर ते त्यांना माझ्या जन्माआधीपासनं माहीत होतं, प्रत्येक नव्या कंडक्टरला सांगतात म्हणे.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. सकाळी चहा झाल्यावर बसा, जेवणानंतर नको. पंखा बंद करा नाहीतर नुसता घर्रर्र येतो. मोबाईल फ्लाइट मोडवर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, स्टीलच्या ताटाजवळ नको. पाऊण तासाच्या वर ताणू नका. यात्रेला सगळे जमतात तेव्हा करूया असं वाटतं, पण यात्रेत आठ जण बोलतात नि म्हातारा ऐकतो. बायकोला मात्र शेजारी बसवा. आमची थोरली आई निम्म्या गोष्टी दुरुस्त करते, नि आण्णा तिच्यावर चिडून ज्या सांगतात त्या सगळ्यात भारी. आणि त्याच दिवशी फाईलला तारीख नि विषय असं नाव देऊन दोन ठिकाणी कॉपी करा. माझ्या पहिल्या चार बैठका एका मोबाईल दुकानात स्क्रीन बदलायला दिला तेव्हा गेल्या, त्यानं सांगितलं फॉरमॅट करावा लागला. त्यात आण्णांचा इंटरव्ह्यूचा पूर्ण किस्सा होता. परत सांगितला त्यांनी, पण ती मजा नाही.

लिहून काढताना व्हॉइस टायपिंग वापरून बघितलं, "गेलतो" चं "गेला तो" करतं, शेवटी हातानंच. भाषा सुधारू नका. "मी गेलो होतो" असं लिहिलं की तो माणूस आण्णा राहत नाही, कुणीतरी मास्तर होतो. जागांची नावं पण ते म्हणतात तीच ठेवा, व्हीटी म्हणाले तर व्हीटी.

कागदपत्रांबद्दल एक गोष्ट नीट वाचा. जुनी छापील तिकिटं कागदी पाकिटात ठेवा, सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळा डाग पडतो. पण मशीनवर छापून येतात ती नवी तिकिटं थर्मल कागदाची असतात, आपोआप कोरी होतात, त्यामुळं आधी त्यांचा फोटो काढा. आणि जपायची म्हणून लॅमिनेशन करायला जाऊ नका, उष्णतेनं पूर्ण काळी होतात. मी आण्णांच्या शेवटच्या ड्युटीचं तिकीट असंच काळं करून आणलंय, कपाटात आहे, काळी पट्टी. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो उचकटू नका, खिडकीजवळ तिरका धरून फ्लॅश न मारता मोबाईलनं काढा. ओळखपत्राचा फोटो कुणाला पाठवताना नंबर झाका.

काही गोष्टी ते सांगतील नि म्हणतील "हे लिहू नगं". नका लिहू. रेकॉर्डिंग तिथं बंद करा नि त्यांना दिसेल असं बंद करा.

मुंबईला न्यायचं असेल तर आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, आधी चौकशी करून जा. जुन्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरनं गेल्या, फुलं-फुगे लावून निरोप दिला तो व्हिडिओ मी आण्णांना दाखवला. त्यांनी आवाज मोठा करायला सांगितला. चित्र बघतच नव्हते, घंटी ऐकत होते. दोन वाजल्या तेव्हा मान हलवली नि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

आमचं स्प्लिट ड्युटीचं अजून राहिलंय, त्यातल्या मधल्या पाच तासांत आण्णा कुठं जायचे हे थोरल्या आईलाही माहीत नाही म्हणते. दिवाळीत बसायचं ठरलंय, सकाळी, पंखा बंद करून.