रुपया चिंचेनं धुऊ नका

एसटीत कंडक्टर होतो, एकतीस वर्षं. त्यातली निम्मी तरी नंदुरबार, अक्कलकुवा, धडगाव या भागात गेली. रात्री बॅगेतली चिल्लर मोजताना वेगळं नाणं दिसलं की स्वतःच्या खिशातला पैसा त्या जागी टाकायचा आणि ते नाणं बाजूला ठेवायचं. हिशेब जुळला की कोण काय म्हणणार? असा नाद लागला. आता पोरं घरी येतात, मोबाईलमध्ये आकडा दाखवतात, "काका, हे नाणं टाकसाळीनं कमी पाडलंय, घेऊ का?" त्यांना मी आधी बसवतो.

किती पाडली हा अर्धाच हिशेब. किती उरली, हे बघा. १९११चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या माळेत एक हत्ती आहे. सोंड आखूड, पाय जाडे, त्यामुळे लोकांना तो डुक्कर वाटला आणि बोभाटा झाला. कलकत्ता आणि मुंबई मिळून सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, पण बाहेर गेली सुमारे ७ लाखच. बाकीची वितळवली आणि १९१२पासून हत्ती सुधारला. नुसता ९४ लाखांचा आकडा वाचणारा हे नाणं बाजूला सारेल. शिंदखेड्याच्या एका आजोबांना भिंगातून दाखवलं, तर ते म्हणाले, "हाऊ हत्ती नही भो, डुकर शे!"

उलट १८६२चा राणीछाप, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा रुपया. जुना म्हणून लोक हरखतात, पण टाकसाळीनं तेच साल १८७४पर्यंत चालवलं. कोणत्या वर्षी किती, हे सालावरून कळतच नाही. मागच्या बाजूला बारीक ठिपके असतात. खरं वर्ष त्यावरून ओळखायचं, असं जाणकार मानतात. साधा १८६२ ढिगानं मिळतो, ठराविक ठिपक्यांचा शोधावा लागतो. राणीछापात अजून एक खूण, नाण्यावर व्हिक्टोरियाच्या नावाशी १८७६पर्यंत 'क्वीन' आणि १८७७पासून 'एम्प्रेस' असतं.

आता १९३९. सहाव्या जॉर्जचा हा रुपया सगळ्यांना हवा असतो, म्हणून सगळ्यात जास्त फसवणूकही याचीच. १९४०पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली, त्यामुळे जुन्या कसाचा हा शेवटचा. १९३८चे पुष्कळ आहेत, १९३९चे अगदी थोडे. मी एका यात्रेत सहा हजारांना घेतला. घरी येऊन काट्यावर ठेवला, बरोब्बर ११.६६ ग्रॅम. एक तोळा. आवाज खणखणीत, चुंबकाला चिकटत नाही. आठ दिवस खुशीत होतो. मग दहापट भिंगाखाली ९ कडे नीट बघितलं, तर खालच्या भागात कोरल्याचे ओरखडे. खऱ्या १९३८च्या आठाचा नऊ केला होता! नाणं खरं होतं, म्हणूनच वजन आणि आवाज यांनी मला काही सांगितलं नाही. तेव्हापासून साल आधी भिंगाखाली, वजन नंतर. आणि शेजारी खात्रीचं नाणं ठेवून अंकाचं वळण ताडून बघायचं.

चुंबक फुकट जातो असंही नाही. १९४७चा वाघछाप रुपया लोक चांदीचा समजून आणतात. तो निकेलचा आहे, चटकन चिकटतो.

खरेदीचं म्हणाल तर लग्नसराई सोडू नका. नवे दागिने घडवायला घरोघरची जुनी चांदी सराफाकडे मोडीला येते. त्यात कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातले चांदीचे रुपये, असतातच. ओळखीच्या सराफाला सांगून ठेवायचं, भट्टीत टाकण्याआधी मला दाखवा, वजनाच्या भावावर थोडं वर देईन. शंभर कलदार चाळले तर एखादा हवा तसा हाती लागतो. कधी एकही नाही. आमच्या खानदेशचं म्हणून काही हवं असेल, तर बुऱ्हाणपूर टाकसाळीचे मुघल रुपये शोधा, ते जमण्यासारखे आहेत. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला, त्याची आठवण म्हणून बाजपक्ष्याची सोन्याची मोहर पाडली. तिचं फक्त चित्र बघायचं, आपल्या पेन्शनीत तिचं स्वप्नही बसत नाही.

विहीर खणताना हंडा सापडला, तर ते जमवणं नव्हे. १८७८च्या कायद्यानं जमिनीत मिळालेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असा माल कोणी गुपचूप विकायला आणला तर हात लावू नका. आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याचे लाखो मिळतात, आधी फी भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेच्याच नावानं चालणाऱ्या या धंद्याबद्दल इशारा दिलेला आहे.

ठेवण्याबद्दल एक. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाणं ठेवू नका. पीव्हीसी पाइपांनी जळगावचं भलं केलं, नाण्याचं करत नाही. आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते पाकीट चिकट होतं आणि नाण्यावर हिरवा थर चढतो. मायलर या पारदर्शक प्लास्टिकची चौकट घ्या. नाणं कडेनं धरा.

धुणं मात्र अजिबात नाही. लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी आजी दरवर्षी रुपये चिंच आणि राख लावून चकचकीत करायची. मीही लहानपणी मदत केली, त्यात दोन चांगले वाया घालवले. वर्षानुवर्षांचा काळपट रंग गेला की जमवणारा तोंड फिरवतो, मग चांदीचाच भाव.

दुसरी गत कडीची. सातपुड्यात बायका रुपयांच्या माळा घालतात. डाग देऊन, म्हणजे झाळून, वर कडी बसवलेली असते. कडी काढली तरी डाग राहतो. एकदा मोलगीच्या गाडीत एका बाईच्या गळ्यात अशी माळ होती. भिंग खिशातच असायचं, विचारून बघितलं. मधला रुपया १९११चा, हत्तीसुद्धा तोच. बाजाराच्या हिशेबानं कडीमुळे त्यात काही उरलं नव्हतं, तरी मी भाव बोललो. आईची आहे, म्हणाली, आणि माळ पदराखाली घेतली. मी तिच्या पोराचं अर्धं तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या बाकाकडे सरकलो.