लेथ घरी आणण्याआधी

छंद म्हणून मशीनिंग शिकायचं ठरलं की पहिली चौकशी लेथच्या, म्हणजे धातूचा बार फिरवत कापणाऱ्या मशीनच्या, किमतीची होते. बजेटमधले निम्मेच पैसे मशीनला धरा. बाकीचे मापाची हत्यारं, ड्रिल आणि बेंच ग्राइंडर बघता बघता खातात. १५० मिमीचं व्हर्नियर, ०–२५ चा मायक्रोमीटर, मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं), एवढं आधी घरात हवं. जुन्या बाजारात व्हाइस, अँगल प्लेट, टॅप हँडल खुशाल उचला. मायक्रोमीटर मात्र नवाच घ्या. हातातून पडलेला वरून ओळखू येत नाही.

पुण्याजवळ भोसरीत कुणाचा जुना लेथ बघायला निघालात तर डायल गेज बरोबर ठेवा. कॅरेज (टूल धरून सरकणारा भाग) चकजवळ, म्हणजे बार पकडणाऱ्या जबड्याजवळ, आणून जिबचे (सरकता भाग घट्ट बसवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू ते जेमतेम सरकेल एवढेच आवळा आणि टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, न्या. मध्येच जाम झालं तर चकजवळचा बेड (कॅरेज ज्यावर सरकतं तो पाया) झिजलाय. रंग नवा असेल तर जास्तच बारकाईने बघा. मोटर थ्री फेज निघाली तरी घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडीने (सिंगल फेजचं थ्री फेज करून मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राने) चालते, पण असा व्हीएफडी २३० व्होल्टच देतो. मोटरच्या तारा जोडायच्या डेल्टा आणि स्टार अशा दोन पद्धती असतात; नेमप्लेटवर डेल्टाला २३० लिहिलंय का पाहून जोडणी जाणत्याकडून बदलून घ्या. ४१५ ची स्टार जोडणी तशीच ठेवली तर मोटरला जोर राहत नाही.

कार्बाइडच्या इन्सर्टचा (टूलला लावायच्या तयार, कडक टोकांचा) मोह सध्या नको. हलक्या मशीनवर टूल थरथरलं की त्याची कड टवकते. १० मिमीचे चार-पाच एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलबिट, म्हणजे स्वतः धार लावायची टूल्स, घ्या, पण ग्राइंडरवर हात बसवायला आधी एमएसचा (माइल्ड स्टील, साधं लोखंड) चौकोनी तुकडा वापरा.

टूलची उंची अशी बघा: मशीन बंद ठेवून गोल बार आणि टूलच्या टोकामध्ये स्टीलची सहा इंची पट्टी हलकेच दाबून धरा. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल बारच्या मध्यापेक्षा खाली आहे, त्याच्याखाली पत्र्याची शिम (पातळ पट्टी) घाला. पलीकडे झुकलं तर टूल वर आहे. फेसिंग करताना (बारचं टोक सपाट करताना) मध्ये बोंड, म्हणजे छोटा उंचवटा, राहतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

भंगारातल्या एमएसवर फिनिश फाटकं येतं आणि शिकणारा स्वतःला दोष देत बसतो. २५ मिमीचा ईएन१ए (सहज कापलं जाणारं स्टील) एक मीटर आणा, ३०० आरपीएमच्या आसपास चालवा. ६० मिमीचा तुकडा कापून २० मिमी व्यासाची पायरी काढा, ०.०५ मिमीच्या आत. क्रॉस स्लाइडची (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाची) डायल त्रिज्या दाखवते की व्यास, हे आधी तपासा, नाहीतर दुप्पट माल निघतो. आटे पाडणं नंतर, पार्टिंग (लेथवरच तुकडा कापून वेगळा करणं) सगळ्यात शेवटी.

हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही, चकची चावी चकमध्ये सोडायची नाही, किसाला (निघणाऱ्या धातूच्या सालींना) हात लावायचा नाही, ब्रश वापरा. जूनच्या आत बेडला तेलाचा हात फिरवा. पुण्याच्या पावसाळी हवेत कोरड्या बेडवर गंज लगेच धरतो.