सेकंडहँड मिळालेल्या चांदीच्या नाण्यांच्या सेटची किंमत काढताय? या चुका टाळा

जुन्या वस्तूंच्या बाजारात नाहीतर कुणाच्या घरच्या आवराआवरीत चांदीच्या नाण्यांचा सेट दिसला की बहुतेक जण आधी बॉक्सच बघतात, आतली मखमल, पितळी कडी, सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट, आणि तिथल्या तिथे मनात एक आकडा ठरवून टाकतात. गणित चुकतं ते इथेच. माझं सरळ म्हणणं आहे की सुरुवातीला सेट म्हणून किंमत धरायचीच नाही, प्रत्येक नाणं सुटं आहे असं समजायचं, त्यात चांदी किती ते काढायचं, आणि बॉक्स, कागद, सेट पूर्ण आहे वगैरेचे पैसे सगळ्यात शेवटी मोजायचे, तेही काही ठोस कारण सापडलं तर.

'सिल्व्हर' लिहिलंय म्हणजे चांदी आहे असं समजू नका

निकेल सिल्व्हर किंवा जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात चांदीचा कणही नसतो, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं. ईपीएनएस लिहिलेलं असेल तर त्यावर फक्त चांदीचा मुलामा आहे. मुलाम्याचं नाणं ओळखायला कड आणि चित्रातला सगळ्यात उंच भाग बघा, तिथे घासून खालचा लालसर किंवा पिवळट रंग दिसतो.

साल न बघता सगळी नाणी एकाच भावात धरणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण नाणी दिसायला सारखीच असतात. अमेरिकेचे डाइम (१० सेंट) आणि क्वार्टर (२५ सेंट) १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे होते, १९६५ पासून रोजच्या वापरातल्या या नाण्यांत चांदीच नाही, पण हाफ डॉलरमध्ये मात्र १९६५ ते १९७० पर्यंत ४० टक्के चांदी होती. ब्रिटनने १९२० मध्ये ९२.५ वरून ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ पासून चलनातल्या नाण्यांतून काढूनच टाकली. आपल्याकडचा ब्रिटिश काळातला रुपया घ्या, वजन ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा, आणि शुद्धता ९१.७ टक्के, पण १९४० पासून ती ५० टक्के झाली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. आता एकाच सेटमध्ये जॉर्ज सहाव्याचा १९३८ चा रुपया आणि १९४२ चा रुपया शेजारी शेजारी ठेवलेले असतील तर वजन सारखं, राजाही तोच, पण पहिल्यात साधारण १०.७ ग्रॅम चांदी आणि दुसऱ्यात ५.८ ग्रॅम. जवळजवळ निम्मी! म्हणून सगळ्या नाण्यांचं एकत्र वजन करून भाव काढू नका, सालाप्रमाणे आधी वेगळी करा.

आणि एखादं साल दुर्मिळ आहे म्हणून कुणी जास्त मागत असेल, उदाहरणार्थ १९३९ चा रुपया, तर त्या शेवटच्या आकड्यावर भिंग धरून बघा. कोरून बदललेला आकडा बाकीच्या तीन आकड्यांसारखा दिसत नाही, त्याच्याभोवती खरवडल्याच्या बारीक रेघा असतात.

मोठा बॉक्स, मोठी किंमत

कॅनडाने १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकसाठी काढलेली नाणी हे याचं चांगलं उदाहरण. एकूण २८ नाणी, ९२.५ टक्के चांदी, चार-चारच्या सेटमध्ये विकलेली, दोन ५ डॉलरची (२४.३ ग्रॅम) आणि दोन १० डॉलरची (४८.६ ग्रॅम). दिसायला भारदस्त. चारही मिळून वजन १४५.८ ग्रॅम, त्याला ०.९२५ ने गुणलं की शुद्ध चांदी साधारण १३५ ग्रॅम. ही नाणी इतकी प्रचंड पाडली गेली की आजही ती बहुतेक करून चांदीच्या भावाच्या आसपासच विकली जातात, लाकडी बॉक्स असो वा नसो. हिशोब करताना औंस मात्र ट्रॉय औंस धरा, ३१.१ ग्रॅमचा, नेहमीचा २८.३५ ग्रॅमवाला धरला तर आकडा बराच फुगतो.

बॉक्समध्ये नाण्यांऐवजी मेडल आहेत का तेही बघा. कुठल्या देशाचं नाव नाही, दर्शनी किंमत नाही, तर ते चलन नाही. फ्रँकलिन मिंटसारख्या खाजगी टाकसाळींनी असे सेट भरपूर विकले, त्यातले बरेच खऱ्या स्टर्लिंगचे, म्हणजे ९२.५ टक्के चांदीचे आहेत, पण किंमत मुख्यतः धातूचीच धरायची.

कृपा करून घासू नका

हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. नाण्यावरचा काळपटपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, हवेतल्या गंधकामुळे येणारा, आणि तो नाण्याचं काही बिघडवत नाही. टूथपेस्ट, राख, बेकिंग सोडा, चांदी चमकवायची पावडर, यातल्या कशानेही घासलं की वर बारीक रेघा पडतात आणि टाकसाळीतून आलेली मूळ झळाळी जाते, ती परत आणता येत नाही. संग्राहक प्रकाशात नाणं तिरकं करून हेच बघतो, आणि घासलेलं दिसलं की धातूच्या भावावर येतो. प्रूफ नाण्यांचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्यांचा, आरशासारखा भाग तर बोटाच्या ठशानेही खराब होतो, त्यामुळे नाणं नेहमी कडेनेच धरा.

हिरवट चिकट थर असेल तर तो मात्र वेगळा प्रकार. जुन्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून आम्ल सुटतं आणि ते धातूला खातं, म्हणून हा थर तसाच ठेवायचा नाही. शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवा, काढा, वाळू द्या, पुसू नका. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास आग नको, अॅसिटोन पटकन पेट घेतं.

चुंबकाला चिकटलं नाही, तरी शंका आहे?

शंका बरोबरच आहे, कारण तांबं, शिसं, क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचं मिश्रण) हेही चिकटत नाहीत. चुंबक फक्त लोखंडाची किंवा शुद्ध निकेलची नाणी पकडून देतो. त्यापुढे वजनकाटा हवा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं ते चालतं, जड भरलं तर मात्र सावध व्हा. तरीही कळत नसेल तर काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा, बुडबुडे झटका. आलेल्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागा, ती झाली घनता. वरचं १० डॉलरचं नाणं असेल तर काट्यावरचा आकडा ४.७ च्या आसपास येतो, म्हणजे घनता साधारण १०.३, स्टर्लिंगला शोभेल अशी. क्युप्रोनिकेल असतं तर ५.४ च्या पुढे गेला असता. सीलबंद प्रूफ नाण्यावर हा प्रयोग करू नका, सील तोडलं की किंमत पडते.

सर्टिफिकेट असेल तर त्यावरचं साल आणि नाण्यांची यादी आतल्या नाण्यांशी जुळवून बघा. चांगलं नाणं काढून त्या खाचेत साधं बसवलेले सेट सर्रास फिरतात, झिजेत आणि काळपटपणात फरक दिसला की समजायचं.

भाव बघताना ऑनलाइन मागितलेली किंमत धरू नका, विकल्या गेलेल्या नाण्यांची बघा, कारण मागायला कोणी काहीही मागतं. आणि विकणारा बॉक्समधून नाणं काढून वजन करू देत नसेल, तर त्यात चांदी नाही असं धरूनच भाव बोला.