नियमांचे संदर्भपत्रक तयार करताना या चुका टाळा

बेळगावात रविवारी जमणाऱ्या रोलप्लेइंग खेळाच्या (पात्रे साकारत, फासे टाकत मिळून कथा रचण्याच्या खेळाच्या) गटात खानापूर किंवा निपाणीहून येणारे खेळाडू असतील, तर परतीच्या बसची वेळ सांभाळून खेळायला जेमतेम दुपार मिळते. त्यातला बराचसा वेळ सर्वांत मिळून असलेल्या एकाच पुस्तकात नियम शोधण्यात गेला, तर कथा पुढे सरकत नाही. वारंवार लागणारे नियम एका कागदावर देणाऱ्या संदर्भपत्रकाचा उपयोग इथेच आहे. मात्र सदोष पत्रकामुळे पुस्तकापेक्षाही अधिक खोळंबा होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आवृत्त्यांची सरमिसळ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि २०२४ मध्ये तिचे नियम सुधारले गेले. त्यामुळे टेबलावरचे पुस्तक नवे आणि इंटरनेटवरून उतरवून झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणलेले पत्रक जुने, असे सहज घडते. जुन्या नियमांनुसार पोशन (जादुई औषध) पिण्यासाठी ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती, खर्च होते, नव्या नियमांत बोनस ॲक्शन, म्हणजे जोडीची छोटी कृती, पुरते. ग्रॅपल (प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवणे) पूर्वी दोघांच्या फाशांच्या चढाओढीवर ठरत असे. आता लक्ष्याला सेव्हिंग थ्रो (बचावासाठी फासा टाकणे) करावा लागतो. म्हणून पत्रकाच्या माथ्यावर आवृत्तीचे वर्ष ठळक लिहावे आणि दोन्हींतले नियम एका कागदावर आणूच नयेत.

दुसरी चूक संक्षेपाची आहे आणि ती लवकर लक्षात येत नाही. ‘प्रोन (जमिनीवर पडलेला) असलेल्यावर हल्ला करताना ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरणे)’ एवढेच लिहिले, तर नियम अर्धाच राहतो, कारण हल्लेखोर पाच फुटांच्या आत असेल तरच ॲडव्हांटेज मिळते, त्यापलीकडून मात्र डिसॲडव्हांटेज (दोहोंतला लहान आकडा) लागते. कॉन्सन्ट्रेशन (चालू मंत्रावरची एकाग्रता) टिकवण्याची डीसी (फाशाने गाठायचा किमान आकडा) १० असे लिहून झालेल्या इजेचा निम्मा आकडा गाळणे, म्हणजे मोठ्या घावाचा परिणामच पुसून टाकणे होय. या दोहोंपैकी मोठा आकडा धरायचा असतो. अपवाद बसत नसेल, तर नियमाशेजारी निदान पुस्तकाचा पृष्ठक्रमांक द्यावा.

पत्रकात सगळेच कोंबण्याचा मोह आवरणेही आवश्यक आहे. पुस्तक कशासाठी उघडावे लागते, याची काही बैठकांत नोंद ठेवली, तर पत्रकाचा मजकूर आपोआप ठरतो. बहुधा त्यात पंधरा कंडिशन्स (प्रोनसारख्या पात्राच्या अवस्था), आडोशामुळे बचावाला मिळणारे +२ आणि +५, तसेच डीसीचे टप्पे येतात. एखाद्याच पात्राची स्पेल्स (मंत्र) त्या खेळाडूच्या कार्डावर असावीत.

डंजन मास्टरचा (खेळ चालवणाऱ्याचा) पडदा देखणा असतो खरा, पण त्यावरचे तक्ते खेळाडूंना दिसत नाहीत; त्यांच्यासाठी वेगळ्या प्रती काढाव्यात. मराठी आणि कन्नड बोलणारे एकत्र खेळत असतील, तर पत्रकावरील संज्ञा पुस्तकातल्याच ठेवाव्यात. हे पत्रक इतर गटांनाही द्यायचे असल्यास छापील पुस्तकाची पाने स्कॅन करू नयेत. २०१४ च्या नियमांचा मूलभूत भाग, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे आणि श्रेयनिर्देश केल्यास त्यातील मजकूर उतरवून घेता येतो.