झेब्र्यांवर काम करायचंय? आधी बाजू ठरवा

एमएस्सीनंतर केनियात, लाइकिपियाच्या पठारावर झेब्र्यांच्या अभ्यासाला यायचंय म्हणून बरेच जण विचारतात. परवाना, लसी, कामापुरती स्वाहिली, हे तुम्ही शोधून काढालच. मला एकाच गोष्टीबद्दल कळकळीनं सांगायचंय: पट्ट्यांवरून झेब्रा ओळखण्यासाठी त्याच्या कोणत्या बाजूचा फोटो काढायचा.

प्रत्येक झेब्र्याचे पट्टे वेगळे असतात आणि जन्मभर तसेच राहतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकाच झेब्र्याची डावी आणि उजवी बाजूसुद्धा एकमेकींशी जुळत नाही. डावीचा फोटो पाहून उजवी ओळखता येत नाही. तुम्हाला नाही, संगणकालाही नाही. मी रुजू झाले तेव्हा हाती आलेल्या जुन्या फोटोंमध्ये दोन्ही बाजूंची सरमिसळ होती. डावीकडून टिपलेली मादी एक, तीच उजवीकडून टिपली की दुसरी! शिवाय एकूण संख्येचा अंदाज आपण आधी दिसलेल्यांपैकी किती पुन्हा दिसले यावरून बांधतो. ओळख पटली नाही की पुन्हा दिसलेले कमी भरतात आणि आकडा आणखी फुगतो. ते सगळं निस्तरताना रडकुंडीला आले होते, आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

आम्ही अभ्यासतो तो मैदानी झेब्रा (plains zebra) आययूसीएनने, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं, 2016 मध्ये 'संकटसमीप' ठरवला आहे. 2002 पासून त्याची संख्या जवळपास पाव हिश्श्यानं घटली. अशा वेळी फुगलेला आकडा देणं हा गुन्हाच आहे.

म्हणून पहिल्या दिवशीच एक बाजू ठरवा. आम्ही उजवी घेतो. कळप डावी बाजू दाखवत असेल तर इंजिन बंद करून थांबा, चरता चरता तो वळतोच. कॅमेरा अंगाशी काटकोनात, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं चौकटीत हवं. मातीत लोळून आलेला झेब्रा सोडून द्या. डावी-उजवीची जोडी तेव्हाच लावा, जेव्हा तोच प्राणी तुमच्या डोळ्यांदेखत वळला असेल.

पट्टे जुळवणारं हॉटस्पॉटर हे सॉफ्टवेअर उपयोगी आहे, पण ते फक्त सुचवतं. 'एक मादी ओळखली, म्हणजे बाकीच्याही त्याच' हा शॉर्टकट तर अजिबात नको. माद्या वर्षानुवर्षं एकत्र राहतात हे खरं, पण वयात आलेल्या मुली कळप सोडतात, नरही बदलतो.

सुरुवातीला सगळे सारखेच दिसतील. घाबरू नका, नजर बसते. खांद्याकडे बघा. अंगावरचे उभे पट्टे पायावरच्या आडव्या पट्ट्यांना भेटतात तिथे एक फाटा होतो, आणि तो प्रत्येकाचा निराळा असतो. हे मला शिकवलं ते आमच्या सांबुरू या स्थानिक समाजातल्या सहकाऱ्यानं. कळप निघाला की तो शेवटी चालणाऱ्या जाड मानेच्या झेब्र्याकडे बोट दाखवायचा: नर बहुतेकदा तोच. माझं स्पष्ट मत आहे, नावाजलेला पण वेळ न देणारा संशोधनाचा गाइड मिळवण्यासाठी धडपडण्यापेक्षा रोज गाडीत शेजारी बसणारा असा माणूस जपा.

आणि फोटोच्या फाइलच्या नावात बाजू त्याच संध्याकाळी लिहा, कितीही दमलात तरी. दुसऱ्या दिवशी नवे फोटो येतात, मग जुने तसेच राहतात.